आवाज हवेत सोडण्याआधी

गायकाच्या हातातला कॉर्डलेस माईक म्हणजे एकाच नळीत बसवलेली दोन यंत्रं. वर जाळीखाली आवाज टिपणारं कॅप्सूल आणि खाली, मुठीत येतो त्या भागात, एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर. कॅप्सूल आवाजाची वीज करतं. ट्रान्समीटर ती रेडिओलहरींवर चढवून स्टेजच्या कडेला ठेवलेल्या रिसीव्हरकडे पाठवतो. दुकानात आपण जाळी पाहतो, नाव वाचतो, ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि पैसे मोजतो. म्हणजे परीक्षा घेतो ती पहिल्या यंत्राची. कार्यक्रमात दगा देतं ते बहुतेक वेळा दुसरं. ऐन अंतऱ्यात आवाज तुटतो, मध्येच खरखर होते, शेजारच्या मांडवातलं निवेदन आपल्या स्पीकरमधून ऐकू येतं. यातल्या कशाचाच कॅप्सूलशी संबंध नसतो.

म्हणून ऑर्केस्ट्रासाठी कॉर्डलेस घ्यायला निघालं की कंपनीच्याही आधी संख्येचा प्रश्न सोडवावा. किती जणांना खरोखरच वायर नको आहे?

समजा, गणपतीत आणि लग्नाच्या संगीत समारंभांत कार्यक्रम करणारा सात-आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. गायिका, गायक, निवेदक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, गिटार. कीबोर्डवाला आणि गिटारवाला कोरसला आवाज देतात. यातलं फिरतं कोण? गायिका लावणी घेते तेव्हा स्टेजच्या टोकापर्यंत जाते, गायक कधी प्रेक्षकांत उतरतो, निवेदक पाहुण्यांना वर बोलवायला कडेला जातो. झाले तीन. कीबोर्डवाला कितीही रंगला तरी कीबोर्ड सोडून कुठे जात नाही. त्याला स्टँडवरचा वायरचा माईकच बरा. त्याचे सेल संपत नाहीत, सिग्नल तुटत नाही आणि कमी पैशांत जास्त चांगला माईक मिळतो. ‘सगळ्यांना कॉर्डलेस’ हा आग्रह स्टेज देखणं दिसावं म्हणून धरला जातो, आणि ऑर्केस्ट्राच्या पैशांची सर्वांत मोठी नासाडी माझ्या मते तिथेच होते. सहा स्वस्त कॉर्डलेस घेण्यापेक्षा तीन चांगले घ्यावेत आणि बाकीचे वायरचे ठेवावेत. यामागे फक्त पैशांचा हिशेब नाही, रेडिओचाही आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी जाळीखालचं पाहू. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माईक १९६६ साली आला आणि आजही जगभरच्या स्टेजवर तो दिसतो. तो डायनॅमिक जातीचा आहे. पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं, भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. रचना इतकी साधी असल्यामुळे तो पडला-आपटला तरी सहसा टिकतो. लांबचे बारीक आवाज तो फारसे टिपत नाही, आणि मागे ढोलकी कडाडत असताना हे त्याचं बलस्थानच ठरतं. न्यूमनच्या केएमएस १०५ सारखा कंडेन्सर माईक गळ्यातली बारीक हरकतही उचलतो, पण त्याच तत्परतेने शेजारचा ऑक्टोपॅडचा मॉनिटर स्पीकरही उचलतो. तबला, हार्मोनियम, बासरी अशा मोजक्या साथीवर दिवाळी पहाट करणाऱ्यांना कंडेन्सर शोभतो. ढोलकी आणि ड्रमच्या पुढ्यात उभं राहून गायचं असेल तर डायनॅमिकला तोड नाही. मधल्या आणि वरच्या दर्जाच्या बऱ्याच कॉर्डलेस सेटमध्ये कॅप्सूल आटे फिरवून काढता येतं आणि दुसरं बसवता येतं. घेताना हे जरूर विचारावं, कारण उद्या गायिका बदलली तर सगळा सेट बदलावा लागत नाही.

माईक कुठल्या दिशेने ऐकतो, हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. पण शिट्टी वाजेल की नाही हे त्यावर ठरतं. एसएम५८ कार्डिऑइड आहे: समोरचं नीट ऐकतो, बरोबर पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही. त्यामुळे गायकासमोर जमिनीवर एकच मॉनिटर त्याच्या तोंडाकडे वळवून ठेवला की काम भागतं. शुअरचा बीटा ५८ए किंवा सेनहायझरचा ई९४५ हे सुपरकार्डिऑइड. त्यांचा रोख समोर जास्त एकवटलेला असतो, पण पाठीमागून त्यांना थोडं ऐकू येतं. त्यांच्या बहिऱ्या जागा समोरच्या दिशेपासून साधारण १२६ अंशांवर, दोन्ही बाजूंना असतात. त्यांच्यासाठी मॉनिटर डावी-उजवीकडे तिरपे हवेत. नवा, महागडा सुपरकार्डिऑइड आणला आणि मॉनिटर जुन्याच जागी मधोमध राहिला, तर नवा माईक जुन्यापेक्षा लवकर शिट्टी मारतो आणि खापर फुटतं साउंडवाल्याच्या डोक्यावर.

गायकाने जाळी मुठीत धरली तर मात्र कुठलाच माईक दिशा पाळत नाही. मागून येणारा आवाज पडद्याच्या मागच्या बाजूलाही पोचावा म्हणून कॅप्सूलला तिथे वाट ठेवलेली असते. पुढून आणि मागून आलेल्या आवाजाच्या वेळेतल्या फरकावरच दिशा ठरते. मुठीने ती वाट बंद केली की माईक सगळीकडचं ऐकू लागतो, मॉनिटरसुद्धा. रॅप करणाऱ्या मुलांमध्ये ही धरण्याची तऱ्हा फार दिसते. उलट माईकचं बूड मुठीत घेतलं तरी अडचणच, कारण बऱ्याच सेटमध्ये अँटेना तळाशी असतो आणि हात त्याचा सिग्नल खातो. हात मधोमध हवा. तालमीत गायकाला एवढी एक सवय लावली तर बरीचशी दुखणी विकत घेण्याआधीच मिटतात.

आता चाचणीचं. ‘हॅलो’ या शब्दात माईकला अवघड जाईल असं काहीच नाही. फुंकर मारणारं व्यंजन नाही, शीळ घालणारं नाही. मराठी गाण्यात दोन्ही भरपूर असतात. ‘फ’, ‘भ’, ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि जाळीतला स्पंज पातळ असेल तर स्पीकर ‘धप्’ करतो. ‘श’, ‘स’, ‘च’ यांची धार साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असते. बोल स्पष्ट यावेत म्हणून जे माईक तिथे उठाव देतात, ते आधीच टोकदार असलेल्या आवाजाला बोचरं करून टाकतात. लावणीच्या खड्या आवाजाला असा माईक कानात टोचतो. तोच माईक भावगीत गाणाऱ्या मऊ, खालच्या आवाजाला उजळवतो. म्हणून दुकानात गायिकेने स्वतः जावं आणि ‘हॅलो’ सोडून आपलं गाणं गावं: ओठ जाळीला टेकवून एकदा, चार बोटं लांब धरून एकदा, तार सप्तकात पूर्ण गळा लावून एकदा. ओठ जवळ आले की खर्ज फुगतो, लांब गेले की आवाज पातळ होतो. हा फरक तिला आवडतो आहे की अडचणीचा वाटतो, हे दुसरं कुणी ठरवू शकत नाही. दोन माईक शेजारी ठेवून एकच ओळ दोन्हीवर घ्यावी. एरवी कान दहा मिनिटांत कुठल्याही माईकला सरावतो आणि मग समोरचा प्रत्येक माईक चांगलाच वाटतो.

इथपर्यंतचं सगळं वायरच्या माईकलाही लागू आहे. पुढचं फक्त कॉर्डलेसचं.

ट्रान्समीटरची ताकद फार कमी असते, सामान्यतः १० ते ५० मिलिवॉट. तेवढ्या बळावर त्याला हवेत स्वतःची जागा शोधायची असते, आणि हवेची मालकी इतरांकडे असते. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला काही भाग रिलायन्स जिओने घेतला. या पट्ट्याच्या आखणीत ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ फोनकडून टॉवरकडे आणि ७५८ ते ८०३ टॉवरकडून फोनकडे अशी वाट आहे. आता स्वस्त कॉर्डलेसच्या खोक्यावरचे आकडे वाचा. त्यातले कितीतरी सेट ७४० ते ७९० च्या दरम्यान चालतात, म्हणजे नेमके याच वाटेवर. दुकानात तो सेट उत्तम चालेल. मैदानात हजार माणसं जमली, प्रत्येकाच्या खिशात फोन असला आणि मांडवामागेच टॉवर असला की तोच सेट रडायला लागेल. माझा सल्ला सरळ आहे: आज नवा सेट घेताना ७०० च्या वरचा पट्टा घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. ४७० पासून वरचा, ६०० च्या आतला यूएचएफ पट्टा तुलनेने सुरक्षित. त्यातही एकाच फ्रिक्वेन्सीवर अडकलेला सेट नको. २० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त टप्प्यात हवी ती फ्रिक्वेन्सी निवडता येईल असा हवा.

अमेरिकेतला भाचा येताना सेट घेऊन येणार असेल तर आणखी जपून. तिथे ७०० मेगाहर्ट्झवरचे माईक जून २०१० पासून बंद आहेत आणि ६०० च्या पट्ट्याचा मोठा भाग जुलै २०२० पासून. बंदी आलेले सेट सेकंडहँड बाजारात पडेल भावात निघतात. नाव मोठं, किंमत लहान, पण तिथे चालवायची मुभा नाही. उलट इथला ऑर्केस्ट्रा अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला किंवा तिकडच्या एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवाला जाणार असेल, तर इथला सेट तिथे कायदेशीर आहे का हे निघण्याआधी पाहावं. बहुतेक वेळा तिथे भाड्याने घेणंच सोयीचं पडतं.

२.४ गिगाहर्ट्झवर चालणारे सेट आकर्षक वाटतात. ही वाट परवानामुक्त आहे, सेट आपापली मोकळी जागा आपणच शोधतात, वापरायला सोपे असतात. पण तिथेच वायफाय आहे, ब्लूटूथ आहे आणि भटारखान्यातला मायक्रोवेव्हही आहे. या लहरींना माणसाच्या अंगाचा अडथळाही यूएचएफपेक्षा जास्त होतो. तालमीला, सभागृहातल्या छोट्या मैफलीला, एक-दोन माईकला ते ठीक. मंगल कार्यालयात पाचशे फोन वायफाय शोधत असताना त्यांच्यावर मुख्य गायिका सोपवू नये.

आता तो रेडिओचा हिशेब. दोन ट्रान्समीटर जवळजवळ चालू असले की त्यांच्या लहरी एकमेकांत मिसळून नव्या, नको असलेल्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. सर्वांत त्रासदायक ती, जी एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर मिळते. कागदावर करून पाहा. कुणीतरी नीटनेटकेपणाने तीन माईक ५२०, ५२१ आणि ५२२ मेगाहर्ट्झवर लावले. ५२१ ची दुप्पट १०४२. त्यातून ५२० वजा केले की उरले ५२२. म्हणजे पहिल्या दोन माईकांनी मिळून बरोबर तिसऱ्याच्या जागी एक भूत उभं केलं. तिसरा माईक निर्दोष आहे, सेल नवे आहेत, तरी खरखर करतो, आणि पहिला बंद केला की गुपचूप सुधारतो. आता ५२०, ५२०.९ आणि ५२२.५ घेऊन तेच गणित करा. एकही भूत कुणाच्या अंगावर येत नाही. अंतरं मुद्दाम वेडीवाकडी ठेवायची, हे त्याचं मर्म. सेटमध्ये कंपनीने ‘ग्रुप’ आणि ‘चॅनेल’ आखून दिलेले असतात ते हेच गणित करून. सगळे माईक एकाच ग्रुपमधल्या वेगवेगळ्या चॅनेलवर लावायचे, एवढं पाळलं तर कागद-पेन्सिल लागत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र केले की मात्र ही आखणी मोडते. म्हणून ऑर्केस्ट्राने शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले सेट जमवावेत.

माईक वाढतात तशी ही भुतं कशी वाढतात, तेही पाहा. दुपटीतून वजा होणारी आणि दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा होणारी, अशी दोन्ही मोजली तर तीन माईकांत ९ होतात आणि आठ माईकांत २२४. कीबोर्डवाल्याला वायरचा माईक द्यायचा तो यासाठी. त्याचा अनावश्यक कॉर्डलेस स्टेजवरच्या प्रत्येकाचा माईक थोडा थोडा धोक्यात आणतो. कानात इअर मॉनिटर घालणारा ऑर्केस्ट्रा असेल तर त्याचे ट्रान्समीटरही याच हिशेबात धरायचे, आणि त्यांचे अँटेना माईकच्या रिसीव्हरपासून दूर ठेवायचे.

रिसीव्हरवर दोन अँटेना का असतात? भिंतीवर, पत्र्यावर, ट्रसवर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर कधी कधी एकमेकींना खोडून काढतात. त्या जागेवर सिग्नल शून्य होतो, आणि गायक वीतभर सरकला की परत येतो. एका अँटेनाच्या जागी असा खड्डा पडला तरी सहसा त्याच क्षणी दुसऱ्याच्या जागी पडत नाही. चांगल्या सेटमध्ये दोन अँटेनांमागे दोन वेगळे रिसीव्हर असतात आणि ज्याचा सिग्नल बरा तो निवडला जातो. अगदी स्वस्त सेटमध्ये दोन अँटेना दिसतात, पण त्यातला एक अँटेना एका माईकचा आणि दुसरा दुसऱ्याचा असतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्याच सेटची आणखी एक गोम म्हणजे मागे बाहेर पडणारी एकच पिन. दोन्ही माईक आतच मिसळून एका वायरने मिक्सरला जातात, मग गायिकेचा खर्ज कमी करायला गेलं की निवेदकाचाही जातो. प्रत्येक माईकला स्वतंत्र एक्सएलआर आउटपुट नसेल तर तो सेट गाण्यासाठी घेऊच नये.

अॅनालॉग की डिजिटल, यावर बरीच चर्चा होते. मी ती लांबवणार नाही. अॅनालॉग सेट आवाज दाबून पाठवतो आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा फुलवतो. स्वस्त सेटमध्ये ओळ संपता संपता श्वासासारखी सरसर ऐकू येते ती त्यामुळे. डिजिटलमध्ये हे नसतं. त्याला २ ते ४ मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण ध्वनीला हवेत एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा त्याची धास्ती नको. फरक पडतो तो बिघडताना: अॅनालॉग खरखर करून आधी सूचना देतो, डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम गप्प होतो. बजेट पुरत असेल तर आज डिजिटल घ्यावा.

सेट कितीही चांगला असला तरी मांडणी चुकली की पैसे वाया. रिसीव्हर हॉलच्या शेवटी मिक्सरजवळ ठेवायची पद्धत फार रुजली आहे, कारण साउंडवाल्याला तिथून दिवे दिसतात. मध्ये मात्र माणसांनी भरलेल्या खुर्च्या असतात, आणि माणसाचं अंग बहुतांशी पाणी असल्यामुळे लहरी शोषून घेतं. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी उत्तम चालणारा माईक रात्री तुटतो तो म्हणून. रिसीव्हर स्टेजच्या विंगेत, गायक नजरेच्या टप्प्यात येईल असा, अँटेना माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखे फाकवलेले. तिथून वायरने मिक्सरपर्यंत. एलईडी वॉलपासून लांब, कारण ती स्वतःच रेडिओचा गोंगाट करते. आणि अगदी गायकांना खेटूनही नको. माईक आणि अँटेना यांत किमान तीन मीटर हवेत. अँटेना लांब न्यायचा झाल्यास केबल ५० ओहमची, चांगल्या जाडीची हवी. बारीक आरजी-५८ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला आठ-दहा मीटरांतच अर्धी शक्ती विरून जाते.

चाचणी एलईडी वॉल, लाइट्स, इअर मॉनिटर, सगळे माईक चालू असताना घ्यायची. आधी सगळे माईक बंद करून रिसीव्हरवरून हवा स्कॅन करायची, पहिला माईक लावायचा, तो चालूच ठेवून पुन्हा स्कॅन, मग दुसरा. शेवटी एकाने प्रत्येक माईक घेऊन गायक जिथे जिथे जाणार तिथे तिथे बोलत फिरायचं, प्रेक्षकांतल्या वाटेवरही. न वापरलेले माईक टेबलावर एकावर एक, चालू अवस्थेत पडलेले नसावेत. मघाची भुतं तिथेच सर्वांत जास्त माजतात.

सेलचा विषय क्षुल्लक वाटतो, पण कार्यक्रम त्यावरही पडतात. घड्याळाला, रिमोटला घालतो ते साधे झिंक-कार्बनचे पेन्सिल सेल ट्रान्समीटरचा भार पेलत नाहीत. अल्कलाइन किंवा चांगले रिचार्जेबल हवेत. रिचार्जेबल सेल दीड नव्हे, १.२ व्होल्टचा असतो आणि शेवटपर्यंत तिथेच टिकून मग धाडकन उतरतो. त्यामुळे अल्कलाइनसाठी आखलेला माईकवरचा बॅटरीचा काटा त्याच्या बाबतीत फसवतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडता येत असेल तर निवडावा. नसेल तर मध्यंतरात बदलून टाकावेत, काटा काहीही सांगो.

आणि महिन्यातून एखादाच कार्यक्रम असेल तर विकत घेण्याची घाईच करू नये. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत दोन-तीन हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत सेट मिळतात. वरच्या टोकाचे तीन विकत घेण्याच्या पैशांत तेच कितीतरी कार्यक्रमांना भाड्याने मिळू शकतात. भाड्याने घेताना साउंडवाल्याला नुसतं ‘कॉर्डलेस आहेत ना?’ असं विचारू नये. पट्टा कोणता, सगळे एकाच मालिकेतले आहेत का, प्रत्येकाला वेगळा आउटपुट आहे का, आणि त्या रात्री शेजारच्या लॉनवरही त्याचाच सेट लागणार आहे का, हे विचारावं. शेवटचा प्रश्न लग्नसराईत सर्वांत आधी विचारावा: एकाच मालकाचे दोन सारखे सेट दोन शेजारच्या लॉनवर त्याच फ्रिक्वेन्सीला लागले, तर इकडच्या मंगलाष्टका तिकडच्या संगीतात ऐकू येतात. दोघांनी फोनवर बोलून ग्रुप वाटून घेतले की प्रश्न पाच मिनिटांत सुटतो, मात्र हे बोलणं दुपारच्या साउंड चेकच्या आधी व्हायला हवं. गायिकेच्या उजव्या हाताला, स्टँडवर, मिक्सरला जोडून आवाज लावून ठेवलेला एक वायरचा माईकही साउंडवाल्याला द्यायच्या यादीत राखीव म्हणून लिहून द्यावा. त्याचं भाडं बहुतेकजण लावत नाहीत.